एका आईचे बेचाळीस पतंग

१

पेटीत बेचाळीस पतंग जागच्या जागी होते. पंख पसरलेले, मिशा सरळ, प्रत्येकाच्या छातीतून आरपार गेलेली टाचणी आणि टाचणीखाली चिठ्ठी. पोट मात्र एकालाही नव्हतं.

गुंजननं झाकण उघडलं तेव्हा सोमवारचे सकाळचे दहा वाजले होते. आधी तिला वाटलं की उजेड कमी आहे. तिनं पेटी खिडकीशी नेली. मग ती तिथंच खाली बसली.

"काय झालं?" खुर्चीतून राधाकृष्ण सेलूकर सरांनी विचारलं. हिंगोलीच्या कॉलेजात त्यांनी बत्तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं होतं. आता डोळे अधू झाले होते. समोरच्या माणसाचा चेहरा त्यांना मधोमध पुसल्यासारखा दिसायचा. वर्षभरात उरलेलंही जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"सर, पोटं नाहीत."

"कुणाची?"

"सगळ्यांची. कुणीतरी मोडून नेली आहेत."

सर हात पुढे करून उठले, पेटीपर्यंत वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले. त्यांना काही दिसत नव्हतं, पण ते हलेनात. स्वयंपाकघरातून त्यांच्या पत्नी, अनुसूयाबाई, दारात येऊन उभ्या राहिल्या.

"नचिकेत," सर म्हणाले. "शनिवारी तासभर एकटा बसला होता इथं. माझा जुना विद्यार्थी, आता विद्यापीठात शिकवतो. माझ्या घरी जेवून गेलेला पोरगा."

"पोलिसात नको जायला," अनुसूयाबाई म्हणाल्या. "पाखरांची पोटं मोडली म्हणून तक्रार? हसतील लोक."

"मग जवळा बाजारच्या तातेरावांना बोलवा. आणि गुंजन, तू लिहायला बस. त्याच्या विद्यापीठाला आजच कळलं पाहिजे."

संध्याकाळी पत्र गेलं. बुधवारी नचिकेतला कामावरून दूर करून त्याची चौकशी सुरू झाली.

२

तातेराव कऱ्हाळे पोलीस खात्यातून जमादार म्हणून निवृत्त झाले होते. जवळा बाजारला त्यांचं कापूस आणि सोयाबीनचं शेत होतं. पंचवीस वर्षांपूर्वी जप्तीच्या धान्याला लागलेला किडा कोणता, हे विचारायला ते सरांकडे आले आणि तेव्हापासून येतच राहिले. बुधवारच्या दुपारच्या एसटीनं ते उतरले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "पोरी, मला अडाण्याला सांगावं तसं सांग. ह्या पाखरांत एवढं काय आहे?"

गुंजन सरांच्या हाताखाली पीएचडी करत होती. तिनं दुसऱ्या कपाटातून दोन पतंग काढले. दोन्ही नखाएवढे, हळदीच्या रंगाचे. एकाच्या पंखावर तपकिरी पट्टा, दुसऱ्याच्या नाही.

"जुन्या इंग्रजी ग्रंथांत ह्या दोन वेगळ्या जाती आहेत. या कुळात अशा अकरा जाती सांगितल्या आहेत. सर म्हणतात, जाती अकरा नाहीत, सातच. बाकीच्या चार म्हणजे त्याच पतंगांचे दुसऱ्या ऋतूतले कपडे."

"आन् ह्याचा पुरावा?"

"ही पेटी. दोन हजार चार साली सरांनी एका मादीची अंडी घेतली आणि घरातच अळ्या वाढवल्या. ऋतू पालटत होता, आणि एकाच आईच्या पोटच्या बेचाळीस पिल्लांत काही पट्टेवाले निघाले, काही बिनपट्ट्याचे. त्यावर सरांचं पुढचं सगळं काम उभं आहे."

"मग पोटाचं काय?"

गुंजन थोडी अडखळली. "नराच्या पोटाच्या टोकाला मादीला धरायचे अवयव असतात. कुलपाला किल्ली असते तसे. पंख फसवतात, ते सहसा फसवत नाहीत. नचिकेतसरांनी रानातले पतंग पकडून तपासले. पट्टेवाल्यांची किल्ली वेगळी, बिनपट्ट्यांची वेगळी. म्हणून ते म्हणतात, ह्या दोन वेगळ्याच जाती. सर म्हणतात, ऋतूप्रमाणे किल्लीही बदलते. निकाल एकाच ठिकाणी लागणार होता. या पेटीतल्या भावंडांची पोटं उघडून. सोमवारी मी तेच करणार होते."

"आजवर का न्हाई उघडली?"

"उघडलं की नमुना गेला. पुन्हा असे मिळणार नाहीत. सर तयारच होत नव्हते. या दिवाळीनंतर म्हणाले, माझे डोळे आहेत तोवर करून टाक."

तातेरावांनी सरांचं भिंग घेतलं आणि एकेक पतंग बघितला. अर्धा तास गेला.

"ज्यानं केलं त्यानं घाई नाही केली," शेवटी ते म्हणाले. "बेचाळीस पोटं मोडली आन् एका पंखाची भुकटी नाही सांडली. रागाचं काम असतं तर चुरा झाला असता. बाकी पेट्या?"

"हात लावलेला नाही."

"किल्ली?"

"त्या खिळ्याला. घरात येणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे. शनिवारी नचिकेतसर आले होते, तपासणीआधी पेटी बघून जा म्हणून सरांनीच बोलावलं होतं. रविवारी सकाळी विजयकुमारमामा येऊन कपाट पुसून, डांबराच्या गोळ्या टाकून गेले. झाकण त्यांनीही उघडलं होतं. काही वावगं असतं तर बोलले असते."

"म्हणजे रविवारी सकाळीही पोटं होती, असं धरता येतं?"

गुंजन चपापली. हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं.

तातेरावांनी भिंग पुन्हा खाली नेलं. सतराव्या पतंगाच्या टाचणीला कशाचा तरी पांढरा तंतू अडकला होता.

"पेटीत कापूस घालता का?"

"कधीच नाही. पायाच्या नख्या अडकतात त्यात."

तातेरावांनी तंतू चिमटीनं उचलून कागदात ठेवला. तेवढ्यात अनुसूयाबाई चहा घेऊन आल्या. कागदाकडे त्यांची नजर गेली आणि बशीत चहा सांडला.

३

विजयकुमार कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिपाई होता. निवृत्त झाल्यावरही दर पंधरवड्याला तो सरांची कपाटं पुसायला यायचा. गुरुवारी तातेराव त्याला गाठायला गेले तेव्हा तो गावाबाहेर भावाच्या शेतात कापूस वेचत होता. कमरेला ओटी बांधलेली, बोटांना चिरा पडलेल्या.

"जमादारसाहेब, माझ्यावर शक आहे का?"

"शक कुणावरच न्हाई. रविवारी झाकण काहून उघडलं?"

"गोळ्या टाकायला. पाखरं बराबर होती. पोटं होती. म्या इतके साल पाहून राहिलो ती पाखरं, मला दिसलं नसतं का?"

तातेरावांनी त्याच्या ओटीतला कापूस हातात घेतला. बोंडाच्या वाळक्या पत्तीचा चुरा त्यात होता, सरकी होती. मग खिशातला कागद उघडून तंतू बाजूला ठेवला. जन्म कापसात गेलेल्या माणसाला भिंग लागत नाही. तंतू पिंजलेला होता, धुतल्यासारखा स्वच्छ. त्याला पीळ दिलेला होता आणि टोक कडक झालं होतं.

"हा तुझा न्हाई," तातेराव म्हणाले.

विजयकुमारनं मोकळा श्वास सोडला. "मग झालं तर. पोटं मोडायचं काम मी काहून करू? सरनं मला माणसासारखं वागवलं. आन् त्या साली बी म्या काहीच न्हाई केलं."

"कोणत्या साली?"

विजयकुमारचा हात बोंडावरच थांबला. त्या सालाबद्दल त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

"कोणत्या साली, विजयकुमार?"

"काही न्हाई, साहेब. उन्हानं डोकं फिरून राहिलं." तो पुढच्या ओळीत गेला आणि पाठ फिरवून वेचत राहिला.

४

विजयकुमारच्या एकट्याच्या शब्दावर विद्यापीठाची चौकशी थांबणार नव्हती. नचिकेत हिंगोलीत यायला तयार नव्हता. शुक्रवारी तो वारंगा फाट्यापर्यंत आला. ट्रकवाल्यांच्या गर्दीत एका हॉटेलच्या बाकावर दोघं बसले. पस्तिशीचा माणूस, पण दोन दिवस दाढी न केल्यानं आजाऱ्यासारखा दिसत होता.

"काका, मला कागद आलाय. चौकशी संपेपर्यंत विद्यापीठाच्या आवारात पाय ठेवायचा नाही. वर्गातली पोरं फोन करतात, सर खरं का म्हणून. मी काय सांगू?"

"शनिवारी त्या खोलीत तासभर काय केलं?"

"बघत बसलो होतो. ती पेटी मी एकोणिसाव्या वर्षी पहिल्यांदा पाहिली. त्या पेटीमुळे मी ह्या विषयात आलो." त्यानं चहाचा ग्लास तसाच बाजूला सारला. "सहा वर्षं झाली सर माझ्याशी बोलत नाहीत. मी त्यांच्या मताविरुद्ध लिहिलं म्हणून. शनिवारी बोलावलं तेव्हा वाटलं, सुटलो."

"सर खरे ठरले असते तर तुझं लिखाण पडलं असतं."

"पडलं असतं. पण खोटे ठरले असते तर? मला सिद्ध करायला दुसरी जागा कुठली होती? काका, ती पोटं उघडावीत म्हणून मी सहा वर्षं पत्रं लिहिली. एकेका पत्राची प्रत आहे माझ्याकडे. ती मोडून मी माझाच साक्षीदार मारीन का?"

तातेराव रस्त्याकडे बघत राहिले. नांदेडकडे जाणारी एक गाडी थांबली, माणसं उतरली, गाडी गेली.

गुंजनचा प्रबंध त्या तपासणीवर होता. सरांना आपण बरोबर आहोत याची खात्री होती. नचिकेतला तीच तपासणी हवी होती. पेटी उघडली जाऊ नये असं वाटणारा माणूस या तिघांत नव्हता. म्हणजे पोटं उघडली तर काय निघेल हे ज्याला आधीपासून ठाऊक होतं, असा चौथा कुणीतरी होता.

"काकूंना सांगा, मी केलं नाही," निघताना नचिकेत म्हणाला. "सरांनी नाही ठेवला तरी चालेल, काकूंनी तरी विश्वास ठेवावा."

तातेरावांचा हात खिशातल्या कागदाकडे गेला.

५

शनिवारी सकाळी ते सरांसमोर बसले. "सर, दोन हजार चारची वही दाखवा."

वही जुनी, पुठ्ठ्याची. पहिली दोन पानं सरांच्या अक्षरात होती. अंडी कधी घातली, कधी फुटली. सात ऑगस्टची शेवटची ओळ: 'अळ्या ३९. तरवडाची कोवळी पानं घातली.' आठ तारखेपासून अक्षर बदललं होतं. गोल, शाळकरी.

"हे अक्षर?"

"अनुसूयेचं. माझं पाठीचं ऑपरेशन होतं नांदेडला. बावीस दिवस होतो तिथं. ती यायचं म्हणत होती. मी म्हटलं, माझ्याजवळ भाऊ आहे, तू अळ्यांकडे बघ. रोज फोन करून विचारायचो." सरांच्या आवाजात अभिमान होता. "एकही दिवस चुकवला नाही तिनं."

तातेरावांनी शेवटचं पान उघडलं. 'पतंग ४२.'

"सर, एकोणचाळीस अळ्या. पतंग बेचाळीस."

सरांनी मान वहीकडे वळवली.

"आमच्या पंचनाम्यात माल कमी होतो, सर. उंदीर खातात, शिपाई खातात. पण वाढल्याचं म्या कधी पाहिलं न्हाई."

"अळी तिळाएवढी असते त्या वयात," सर सावकाश म्हणाले. "पानाच्या शिरेखाली दडते. तेव्हाही माझ्या लक्षात आलं होतं. मोजताना तीन सुटल्या असतील, असं मी धरलं."

खोलीत पंखा फिरत होता.

"धरलं," ते पुन्हा म्हणाले, पण या खेपेला कुणाला सांगितल्यासारखं नाही. त्यांचा हात टेबलावर काहीतरी शोधत होता. चष्मा त्यांच्या डोळ्यांवरच होता.

तातेराव उठून स्वयंपाकघराकडे गेले.

६

अनुसूयाबाई पाटावर बसून देवासाठी फुलवाती करत होत्या. पिंजलेल्या कापसाचा पुंजका, दुधाची वाटी. बोटं दुधात बुडवायची, कापसाचं टोक पिळायचं, वात खाली ठेवायची. वाळली की टोक कडक होतं. तातेराव समोर बसले आणि कागदातला तंतू त्यांच्या वातींशेजारी ठेवला.

"वैनी, मला बोलायचं जड जाऊन राहिलं."

त्यांनी तंतूकडे पाहिलं आणि हातातली वात पुरी केली.

"चौथ्या दिवशी मेल्या, भाऊजी," त्या म्हणाल्या. "सकाळी बरणी उघडली तर सगळ्या तळाशी. काळ्या पडलेल्या. एकसुद्धा जिवंत नव्हती. त्याच दिवशी ह्यांचं ऑपरेशन झालं होतं. संध्याकाळी दिरांनी फोन लावून दिला. शुद्ध नीट आली नव्हती, जीभ जड होती, आणि पहिला शब्द काय, तर अळ्या कशा आहेत. मी म्हटलं, बऱ्या आहेत."

"मंग?"

"मग बऱ्या असाव्या लागल्या. कयाधू नदीच्या काठाला तरवडाची झुडपं होती. विजयकुमारला म्हटलं, अशाच अळ्या, असेच कोष आणून दे, सरांना बोलू नकोस. तो बिचारा आणत गेला. तीन जास्त झाल्या ते माझ्या ध्यानातच आलं नाही. मला वाटलं, घरी आले की आनंद होईल, चार दिवस बघतील आणि विसरतील. त्यात काही पट्ट्याचे, काही बिनपट्ट्याचे निघाले. हे पेटीसमोर रडले, भाऊजी. लग्नानंतर पहिल्यांदा मी ह्यांना रडताना पाहिलं. तेव्हा कसं सांगायचं? मग लेख छापून आला. मग परदेशातून पत्रं आली. दर वर्षी सांगणं जास्त अवघड होत गेलं."

"आन् रविवारी?"

"सोमवारी पोटं उघडली की ती भावंडं नाहीत हे बाहेर येईल, एवढंच डोक्यात होतं. दुपारी हे झोपले होते. वाती करता करता उठले. एकेक मोडलं. माझी बोटं हलकी आहेत. तव्यावर टाकून जाळली. एक मिनिटही लागलं नाही." त्यांनी पदरानं हात पुसले. "मला वाटलं, पुरावाच राहिला नाही की वादही राहणार नाही. नचिकेतवर आळ येईल हे माझ्या मनातही नव्हतं. पाच दिवस मी त्याचं नाव ऐकतेय आणि गप्प आहे. मी असली बाई आहे हे मला माहीत नव्हतं."

"वैनी, त्या पोराची नोकरी जाईल."

"माहीत आहे."

"म्या सरला सांगू का?"

"नको. मी सांगते." त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, आणि दारात सर उभे असलेले त्यांना दिसले. भिंतीला धरून ते चालत आले होते. किती वेळ उभे होते, कोण जाणे.

"पानं कुठून आणली होतीस?" सरांनी विचारलं.

"पुलाजवळच्या शेताच्या बांधावरची. जवळची म्हणून."

"तिथं कपाशी होती. फवारणी चालू असणार." ते थांबले. "मी तुला सांगून जायला पाहिजे होतं."

अनुसूयाबाई त्यांच्याजवळ गेल्या. त्यांनी सरांचा हात धरला. सरांनी तो सोडवून घेतला नाही, पण त्यांच्या बोटांनीही धरलं नाही.

त्याच दुपारी गुंजननं सरांनी सांगितलेली दोन पत्रं लिहिली. पहिलं विद्यापीठाला: नचिकेतवरचा आरोप खोटा आहे, तो मी केला, त्याची माफी मागतो. दुसरं मासिकाला: दोन हजार चारचा माझा प्रयोग झालेलाच नाही, त्यावर उभं असलेलं माझं सगळं वर्गीकरण मागे घ्यावं. पत्नीचं नाव त्यांनी कुठंच घातलं नाही. 'नोंदीतील विसंगतीकडे मी दुर्लक्ष केले,' एवढंच लिहवलं. गुंजन लिहिता लिहिता रडत होती. तिची चार वर्षंही त्या पत्राबरोबर गेली होती.

७

पौषात तातेराव पुन्हा हिंगोलीला आले. नचिकेत कामावर परत रुजू झाला होता. एकदा येऊन सरांच्या पाया पडून गेला होता. गुंजननं विषय बदलला होता. विजयकुमार यायचा बंद झाला होता. निरोप पाठवला तरी आला नाही.

सर व्हरांड्यात उन्हाला बसले होते. तातेरावांना त्यांनी आवाजावरून ओळखलं.

"नचिकेत जिंकला म्हणायचा," तातेराव म्हणाले. काहीतरी बोलायचं म्हणून.

"कोण जिंकलं? पेटीत रानातल्या अळ्या होत्या, त्यावरून काहीच ठरत नाही. त्याचेही रानातले, माझेही रानातले. माझ्या त्या एकोणचाळीस जगल्या असत्या तर काय निघालं असतं, कुणालाच माहीत नाही."

"पुन्हा करता येत न्हाई का? नव्यानं अंडी घेऊन?"

"कयाधूच्या काठाची झुडपं रस्त्याच्या कामात गेली. बिनपट्ट्याचा पतंग पाच वर्षांत कुणाला दिसलेला नाही. नचिकेत तीन वर्षं हिंडला." सरांनी चेहरा उन्हाकडे केला. "चूक ठरलो असतो तरी चाललं असतं, तातेराव. चूक ठरणं हेही काम असतं. मी चूकसुद्धा ठरलो नाही."

आतून भांड्यांचा आवाज येत होता. तातेरावांनी आवाज खाली आणला.

"वैनीसंगं बोलता ना?"

"बोलतो की. चहा झाला का, गोळी कुठं आहे, कोण आलंय. डोळ्यांत थेंब तीच घालते." सरांनी चष्मा काढला. "परवा थेंब घालताना तिनं विचारलं, मी नांदेडला आले असते तर अळ्या घरी बंद बरणीत मेल्याच असत्या. हे ठाऊक असून तुम्ही मला तेव्हा बोलावलं असतं का?"

"मंग? काय म्हणालात?"

"खरं ते सांगितलं. नसतं बोलावलं, म्हणालो."

 अनुसूयाबाई दोन कप घेऊन बाहेर आल्या, एक तातेरावांच्या हातात दिला, दुसरा सरांच्या बोटांशी नेऊन टेकवला आणि त्यांनी तो नीट धरेपर्यंत वाकून उभ्या राहिल्या. मग आत गेल्या.